संगतीचा गंज : अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या होडीचे निदान आणि दुरुस्ती

धरणाच्या काठावर पालथी पडलेली अ‍ॅल्युमिनियमची जुनी होडी पाहिली की दोन माणसांच्या मनात दोन वेगळे हिशेब सुरू होतात. भंगारवाला तिचे वजन ताडतो, कारण अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो. मासेमार तळाची भोके पाहतो आणि एम-सीलच्या किती पुड्या लागतील याचा अंदाज बांधतो. घाई दोघांचीही असते. त्या घाईत, तळ धडधाकट असलेली एखादी होडी वितळवली जाते आणि जिची फासळी आतून तडकली आहे ती लेप थापून पुन्हा खोल पाण्यात ढकलली जाते.

बुलढाणा जिल्ह्याच्या जलाशयांवर अशा होड्या तुरळक आहेत. लाकडी नाव, लोखंडी पत्र्याची होडी, अलीकडे फायबरची होडी आणि यांतले काहीच परवडत नसेल तर ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा, यांवरच बहुतेकांचे भागते. तरीही अ‍ॅल्युमिनियमचा विचार करायला हवा, आणि तो वजनासाठी. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते, काठ लांब पडतो आणि होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. छोट्या होडीला ९ चौरस मीटर पत्रा लागतो आणि त्याची जाडी १.६ मिलिमीटर आहे असे धरले, तर लोखंडाचा नुसता पत्राच ११३ किलो भरतो. तेवढाच अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ३९ किलोचा होतो. दोन माणसे उचलून नेतील अशी होडी आणि सहा जणांना हाक मारावी लागेल अशी होडी, एवढा हा फरक आहे.

दुसऱ्या महायुद्धात विमाने बांधणाऱ्या अमेरिकेतल्या ग्रुमन कंपनीला हेच गणित दिसले होते. कंपनीचे एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ मध्ये लाकडी डोंगी खांद्यावर घेऊन जंगलातली तळी हिंडत होते. त्या ओझ्याला कंटाळून त्यांनी विमानाच्या पत्र्याची डोंगी करण्याची कल्पना मांडली आणि १९४५ पासून कंपनीने तशा डोंग्या बाजारात आणल्या. पत्र्याला पत्रा रिबिटांनी जोडायची विमानाची पद्धत या डोंग्यांतही आली. जुन्या होड्यांची निम्मी दुखणी या जोडकामाची आहेत. उरलेली निम्मी संगतीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला जे जे चिकटून राहते त्याची आहेत.

जिल्ह्याचे पाणी, जिल्ह्याची माती

अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बोलण्यात ते घाटावर आणि घाटाखाली असेच येतात. घाटावरची पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्यात जातात. घाटाखालचे पाणी पूर्णेला मिळून तापीकडे वळते. नळगंगा, पेनटाकळी आणि खडकपूर्णा हे तीन मोठे प्रकल्प. खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात, कारण संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मेहुणा राजा याच देऊळगाव राजा तालुक्यात आहे. ज्ञानगंगा, पलढग, मस, कोराडी, मन, तोरणा आणि उतावळी हे सात मध्यम प्रकल्प. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडायचे आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्याने मासेमारी करायची, ही राज्यातल्या जलाशयांवरची नेहमीची व्यवस्था इथेही आहे.

अशा जलाशयातले पावसाचे गोडे पाणी अ‍ॅल्युमिनियमला मानवते. या धातूवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच त्याचे चिलखत असतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो. मात्र पाण्याचा सामू साधारण ४ ते ८.५ या पट्ट्यात असेपर्यंतच हे चिलखत टिकते. आम्ल वाढले तरी ते विरघळते आणि अल्कधर्म वाढला तरी विरघळते.

बुलढाण्यात धोका अल्कधर्माच्या बाजूने आहे. त्याचे टोकाचे उदाहरण लोणार. उल्कापाताने झालेल्या त्या विवरातल्या सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि त्यात सोडियमचे कार्बोनेट आणि क्लोराइड भरपूर आहे. तिथे मासे नाहीत, परिसर अभयारण्याचा आहे, त्यामुळे मासेमारीचा प्रश्न येत नाही. पण अ‍ॅल्युमिनियमचा तळ त्या पाण्यात ठेवला तर चिलखत विरघळून खालचा धातू खाल्ला जाईल. धुण्याच्या सोड्याने पातेले काळे पडते ते याच रसायनामुळे. म्हणून जुनी होडी घासायला सोडा, चुना किंवा चुलीतली राख वापरू नये. साधे गोडे पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरे.

दुसरा धोका घाटाखाली आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा खारपाणपट्टा पसरला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतल्या अनेक गावांत बोअरचे पाणी खारट लागते. त्यातले क्लोराइड ऑक्साइडच्या थराला बारीक छिद्रे पाडते. त्या छिद्रातून गंज आत शिरतो आणि पत्र्याला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. धरणावरून घरी आणलेली होडी बोअरच्या पाण्याने धुऊन तशीच ठेवली, तर धरणात वर्षभर झाले नसेल तेवढे नुकसान अंगणात होऊ शकते. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचे काम सुरू आहे. तो भरला की मासेमारी खारपाणपट्ट्याच्या दारात येईल, तेव्हा होडी कुठल्या पाण्याने धुवायची हे आधीच ठरलेले बरे.

तिसरी संगत काळ्या मातीची. ती अल्कधर्मी असते, पाणी धरून ठेवते आणि पत्र्याला चिकटते. चिखलात रुतलेली किंवा ओल्या गोणपाटाखाली झाकलेली होडी चिकटल्या जागी हवेला मुकते. तिथला ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही आणि पांढरी भुकटी सुटू लागते. त्या भुकटीखाली खड्डा असतोच. होडी पालथी करून टायरवर किंवा कोरड्या लाकडी ओंडक्यांवर ठेवणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. नव्या सिमेंटच्या ओल्या ओट्यावर तर ती कधीच ठेवू नये, कारण ओल्या सिमेंटचा सामू लोणारच्या पाण्यापेक्षाही जास्त असतो.

धातूशी धातूची संगत

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण होडीच्या नट-बोल्टांना नेमकी लागू पडते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आले की विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो. त्यात दोघांपैकी जो जास्त क्रियाशील तो झिजतो. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या जोडीत झिजते अ‍ॅल्युमिनियम. तांबे किंवा पितळ यांच्याशी जोडी असेल तर फारच वेगाने. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट स्वतः चकचकीत राहतो आणि भोवतालचा पत्रा खातो.

म्हणून जुनी होडी तपासताना आधी तिच्यावर नंतर काय काय चढवले गेले ते शोधावे. वल्ह्याच्या खुंटीला लोखंडी पट्टी, जाळे अडकवायला पितळी कडी, फळीला साधे खिळे, दोर बांधायला लोखंडी साखळी. अशा प्रत्येक जागेभोवती पांढरी भुकटी किंवा फुगलेला रंग सापडेल. बोल्ट स्टेनलेसचा ठेवायचा असेल तर त्याखाली नायलॉनचा वायसर आणि दांड्याभोवती प्लास्टिकची नळी घालावी, म्हणजे धातू धातूला टेकणार नाही. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट मुलामा टिकेपर्यंत चालतो. नुसता लोखंडी बोल्ट कधीच चालत नाही.

घासतानाही हाच नियम. लोखंड घासलेल्या ग्राइंडरची चकती किंवा साधा तारेचा ब्रश वापरला तर लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच खड्डे पडतात. ब्रश स्टेनलेसच्या तारांचा आणि फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखून ठेवलेला असावा.

गळती कशी शोधायची

पाण्यावर असताना गळती शोधणे अवघड, कारण आत आलेले पाणी फळ्यांखालून वाहत सर्वांत खोल जागी जमते. जिथे ते दिसते तिथे भोक नसते. यावर उपाय उलटा आहे. होडी काठावर आडव्या ओंडक्यांवर ठेवावी, बाहेरून तळ पूर्ण कोरडा करावा आणि आत पाणी भरावे. जिथे बाहेर थेंब धरेल तिथे खडूने गोल काढावा. शिवणी, रिबिटांच्या रांगा, मागच्या फळीचे कोपरे आणि पाणी काढायच्या बुचाची जागा या क्रमाने पाहावे. होडीचा तळ बाहेरच्या पाण्याचा दाब सोसण्यासाठी केलेला असतो, आतल्या वजनासाठी नाही. ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद तळावर नुसते ५ सेंटिमीटर पाणी भरले तरी १५० किलो होतात. म्हणून ओंडके जवळजवळ लावावेत आणि पाणी तेवढ्यावरच थांबवावे.

खडूच्या खुणा पाहिल्यावर दुखणे कळते. एका रांगेतल्या अनेक रिबिटांतून पाझर असेल तर रिबिटे सैल झाली आहेत. एकाच जागी धार असेल तर भोक किंवा चीर आहे. तळ कोरडा राहिला आणि तरीही पाण्यात गेल्यावर होडी भरत असेल, तर गळती वरच्या कडेला किंवा मागच्या फळीला आहे आणि ती ओझे चढल्यावरच पाण्याखाली जाते.

रिबीट, ठिगळ आणि वेल्डिंग

सैल झालेले भरीव रिबीट बहुधा बदलावे लागत नाही. आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि बाहेरून हातोडीने डोके पुन्हा बसवायचे. कामाला दोन माणसे लागतात. ज्यांचे भोकच मोठे झाले आहे ती काढून एक माप मोठे रिबीट घालावे लागते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे पॉप रिबीट मधून पोकळ असते आणि त्याच्या पोटात राहिलेला खिळा बहुतेक वेळा लोखंडी असतो. म्हणजे गळती आणि वाईट संगत दोन्ही एकदम विकत घेतल्यासारखे. पॉप रिबीट वापरायचेच असेल तर बंद तोंडाचे आणि आतील खिळ्यासकट अ‍ॅल्युमिनियमचे घ्यावे.

एम-सील का टिकत नाही याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश. पत्रा लाटेवर लवतो, उन्हात लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. वर थापलेला कडक लेप मात्र लवत नाही, म्हणून तो कडेने सुटतो. धरणावर असताना काठ गाठण्यापुरता त्याचा उपयोग जरूर करावा. कायमच्या जोडासाठी लवचिक पॉलियुरेथेन सीलंट लागते. आंबट वासाचे साधे सिलिकॉन टाळावे. सुकताना ते आम्ल सोडते आणि एकदा लागले की त्यावर दुसरे काहीच चिकटत नाही.

चिरेचा उपाय वेगळा. तिच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग आतून सीलंट लावून ठिगळ बसवावे. ठिगळाचे कोपरे गोल असावेत, जाडी मूळ पत्र्याएवढी आणि कडेपासून रिबिटाचे अंतर रिबिटाच्या जाडीच्या किमान दुप्पट. पत्रा कुठल्या मिश्रधातूचा हे महत्त्वाचे. होडीसाठी मॅग्नेशियम असलेला ५०८३ किंवा ५०५२ चांगला. बाजारात ‘एचई-३०’ नावाने मिळणाऱ्या पट्ट्या फासळ्यांसाठी चालतात. तांबे असलेला मिश्रधातू ताकदीचा असला तरी पाण्यात टिकत नाही, कारण वाईट संगत त्याच्या पोटातच असते.

वेल्डिंगचा मोह सगळ्यांना होतो. गेटखिडक्या जोडणाऱ्या साध्या मशीनवर हे काम होत नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरच्या ऑक्साइडला वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. शिवाय वितळण्यापूर्वी ते लाल होत नाही, त्यामुळे नवख्या हातात पत्र्याला थेट भगदाड पडते. यासाठी लागते ते आर्गन वेल्डिंग, तेही एसी प्रवाहावर, कारण एसी प्रवाह ऑक्साइडचा थर फोडतो. तार ५३५६ ची घ्यावी. सिलिकॉनची ४०४३ तार ५०८३ पत्र्यावर वापरली तर जोड ठिसूळ होतो. एचई-३० सारख्या तापवून कडक केलेल्या पट्टीची ताकद वेल्डच्या कडेला जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून रिबिटांनी बांधलेल्या होडीला शक्यतो रिबिटांनीच दुरुस्त करावे आणि वेल्डिंग मूळच्या वेल्ड केलेल्या होडीसाठी ठेवावे.

लाकूड, फोम आणि रंग

होडी धातूची असली तरी तिचा सर्वांत नाजूक भाग लाकडाचा असतो, तो म्हणजे मागच्या फळीतला प्लायवुड. इंजिन तिथेच लटकते. बाहेरून पत्रा धड दिसतो आणि आत लाकूड कुजलेले असते. हातोडीने ठोकून पाहावे. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा इंजिन हलवल्यावर फळी लवली, तर ती बदलायची. नवा प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन असावा आणि सगळ्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. वाळवी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूड दाराच्या चौकटीला उत्तम, इथे मात्र नको. ते ओले झाले की तांबे सुटते आणि पत्रा खाते.

बैठकीखाली भरलेला फोम होडी उलटली तरी ती तरंगत ठेवण्यासाठी असतो. जुन्या फोममध्ये वर्षानुवर्षे पाणी मुरते आणि होडी जड झाल्याची तक्रार येते. फोमचा तुकडा कापून पिळून पाहावा. ओला निघाला तर सगळा काढावा, कारण त्यामागचा पत्राही सतत ओला राहतो. नवा फोम बंद पेशींचा हवा. थर्माकोल स्वस्त आहे, पण सांडलेल्या पेट्रोलने तो विरघळतो.

गोड्या पाण्यात रंग नाही दिला तरी तळ टिकतो. द्यायचाच असेल तर आधी एच (etch) प्रायमर, मग इपॉक्सी. लोखंडाच्या सवयीने शिशाचा शेंदरी प्रायमर किंवा तांब्याचा शेवाळरोधी रंग लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने गंज आणणे. जुना पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर आढळला तर तो कोरडा घासू नये. त्याची धूळ विषारी असते. ओल्या पॉलिश पेपरने काढावा.

इंजिन असेल तर

बहुतेक छोट्या होड्या वल्ह्यावर चालतात, त्यामुळे हा भाग थोडक्यात. बरेच महिने पडून राहिलेले इंजिन सुरू होत नाही तेव्हा आधी पेट्रोल पाहावे. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि टाकीत पाण्यासकट तळाला बसते. टाकी, नळी आणि कार्बोरेटर रिकामे करून धुतले तरी अर्धी इंजिने सुरू होतात. पुढे प्लग आणि थंडाव्यासाठी पाणी ओढणारा पंप तपासावा. बॅटरीची वायर होडीच्या पत्र्याला जोडू नये, नाहीतर चुकार प्रवाहाने तळ झिजतो. झीज रोखण्यासाठी बांधायचा धातूचा तुकडा समुद्रात जस्ताचा चालतो. धरणाच्या गोड्या पाण्यात तो मॅग्नेशियमचा लागतो.

भोकापेक्षा मोठा धोका

होडी दुरुस्त झाली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा समज धोक्याचा आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या वाटेवर वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. अशा घटनांत भोकाची चर्चा होत नाही. चर्चा होते ती बसलेल्या माणसांची, वाऱ्याची आणि अंगावर नसलेल्या जॅकेटची. हलकी होडी या बाबतीत आणखी चंचल. तिचा काठ पाण्यापासून किती वर राहतो हे ओझ्यासकट काठाजवळच मोजावे. त्या उंचीची रेघ आतून रंगवून ठेवावी आणि माणसे, जाळी, मासळी मिळून ती रेघ ओलांडू देऊ नये.

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. अशा वेळी बचाव पथक पोहोचेपर्यंत गावात असलेली होडीच कामी येते. ती त्या दिवशी तरंगेल की नाही हे मे महिन्यातल्या तपासणीवर ठरलेले असते.

ठेवायची की मोडीत काढायची

अनुदानाचा भर नव्या होडीवर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत व्यक्तिगत लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला, त्यामुळे कर्जाचा रस्ताही सोपा होईल अशी अपेक्षा आहे. नवी फायबरची होडी अशा मदतीने मिळत असेल, तर जुनी दुरुस्त करण्यात अर्थ उरतो का?

उत्तर फासळ्यांवर आणि कण्यावर अवलंबून आहे. पत्र्याला खड्डे आहेत, रिबिटे सैल आहेत, मागची फळी कुजली आहे, पण फासळ्या आणि कणा सरळ आहेत, अशी होडी जरूर दुरुस्त करावी. मजुरी सोडली तर तिला लागते ते सीलंट, थोडा पत्रा, रिबिटे आणि एक प्लाय. कणा वाकला असेल, फासळ्या एकाहून अधिक जागी तडकल्या असतील किंवा नख दाबले तरी दबेल इतका तळ मोठ्या भागात पातळ झाला असेल, तर ती भंगारात द्यावी. त्यात हळहळ नको. भंगार अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवे करण्याच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

या दोन टोकांच्या मधल्या होड्यांसाठी जिल्ह्यात सोय उभी करणे कठीण नाही. आर्गन वेल्डिंग औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वेल्डर अभ्यासक्रमात आहे. खामगाव आणि मलकापूरच्या औद्योगिक वसाहतींत धातूकाम करणारे हात आहेत. मच्छीमार संस्थांनी दर उन्हाळ्यात, पाणी तळाला गेले असताना, आपल्या सगळ्या होड्या एका जागी आणून पाणी भरण्याची चाचणी करावी, खुणा कराव्यात आणि वेल्डरला एकदाच बोलवावे. एकेका होडीसाठी कोणी येत नाही, दहा होड्यांसाठी येतो. आणि त्या दिवशी सीलंटची नळी उघडण्याआधी प्रत्येक होडीवरचे लोखंडी खिळे, पितळी कड्या आणि ओले गोणपाट काढून टाकावे. वाईट संगत तशीच ठेवून मारलेले ठिगळ पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गळते. ती आधी सुटली, तर त्याच ठिगळावर होडी कितीतरी हंगाम काढते.